अकरा श्रोत्यांचे कविसंमेलन

जळगाव म्हटले की आपल्या शेतकरी बंधूंना केळी आठवतात. घरच्या लक्ष्मीला तिथल्या सराफ बाजारातले सोने आठवते. आणि हिवाळ्यात जो कोणी त्या मुलखात पाहुणा जाऊन येतो, तो भरताची वांगी आणि कळण्याची पुरी यांचे नाव काढल्यावाचून राहत नाही. या सर्व गोष्टी खऱ्याच आहेत. पण याच शहरात कवितेच्या नावाचा एक चौक आहे हे थोड्यांनाच ठाऊक असते. काव्यरत्नावली चौक. रिक्षावाल्याला नाव सांगा, तो बरोबर आणून सोडतो. हे नाव कशावरून पडले असे मी एकाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "पहिल्यापासून तेच आहे, साहेब."

नाव पडले ते एका मासिकावरून. नारायण नरसिंह फडणीस नावाच्या गृहस्थांनी १८८७ साली जळगावात ‘काव्यरत्नावली’ नावाचे मासिक काढले. ते होते केवळ कवितेला वाहिलेले. आजही केवळ कवितेचे मासिक चालवणे म्हणजे खडकावर पेरणी करण्यासारखे आहे. त्या गृहस्थांनी पुण्या-मुंबईपासून दूर, खान्देशात बसून ते काढले आणि ते १९३५ पर्यंत चालले. केशवसुतांसारख्यांच्या कविता त्यात छापून आल्या. वर्गणीदार किती होते कोण जाणे, पण महिन्याच्या महिन्याला अंक निघत होता.

याच जळगावात १९०७ साली पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. आज गावोगावी गणपतीत, शिवजयंतीला, कोजागिरीला जी कविसंमेलने होतात, त्यांची जुनी मुळी इथली आहे. त्या संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे नाव वाचून मला फार गंमत वाटली, कारण कृषी महाविद्यालयात शिकत असताना हे नाव मी कवी म्हणून ऐकलेच नव्हते. भारतातल्या औषधी वनस्पतींवर कीर्तिकर आणि बसू यांचा जो जाडजूड ग्रंथ आहे, तो आमच्या ग्रंथालयात काचेच्या कपाटात असे. तेच हे कीर्तिकर. पेशाने डॉक्टर, अभ्यासाने वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मनाने कवी. त्यांच्यासमोर धरणगावचा एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हटली. मुलाचे नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली आणि पुढे महाराष्ट्राने त्याला त्याच नावाने ओळखले.

मी मूळचा सातारकडचा. नोकरीच्या निमित्ताने खान्देशात आलो आणि इथली केळी, कापूस नि इथली माणसे यांच्यात वीसएक वर्षे गेली. विस्तार अधिकाऱ्याच्या नोकरीत फिरणे फार. फिरता फिरता ध्यानात आले की जळगावपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच्या एवढ्याशा पट्ट्यात मराठी कवितेची चार-पाच ठिकाणे हारीने लागतात. वाटेवरच असल्यामुळे ती मी पाहिली. तुम्हीही कधी केळी बघायला या बाजूला आलात तर अर्धा दिवस राखून ठेवा.

जुन्या जळगावात चौधरी वाडा आहे. बहिणाबाईंचे हे सासर. त्यांच्या वापरातल्या शेतीच्या आणि घरातल्या वस्तू तिथे जपून ठेवल्या आहेत. आपल्या घरच्या माणसांना त्यात नवल वाटणार नाही; आपल्याही माळ्यावर असे काहीबाही असतेच. म्हणूनच तिथे जरा थांबावेसे वाटते. तिथून पाच-सहा किलोमीटरवर आसोदा. हे त्यांचे माहेर. १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, महाजनांच्या घरात त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरात तीन मुले आणि शेती. लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, चुलीपुढे, शेतात वाटेने चालताना गाणे तयार होई आणि जवळ जे कोणी असेल ते ऐके. त्यांचे श्रोते म्हणजे घरातली माणसे आणि बरोबरीने कामाला असलेल्या बाया.

मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी जेवढे टिपून ठेवले तेवढे राहिले, बाकीचे वाऱ्यावर गेले. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. पुढच्या वर्षी, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईची गाणी’ प्रसिद्ध झाली. स्वतःचे पुस्तक काही त्यांनी पाहिले नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

आसोद्याहून जवळच भादली हे रेल्वे स्टेशन आहे. ५ मे १९१८ रोजी या स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना बालकवी गाडीखाली सापडले. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. ज्या जळगावात त्यांना नाव मिळाले, तिथून हे ठिकाण हाकेच्या अंतरावर म्हणावे एवढे जवळ. मी तिथे उभा होतो तेव्हा एक लांबलचक मालगाडी धडधडत गेली. फाटकावरचा एक जण कंटाळून म्हणाला, आता दहा मिनिटे गेली. मी काही बोललो नाही.

भुसावळ ओलांडून तापीच्या पुलावरून पलीकडे गेले की मुलूख बदलतो. काळीभोर जमीन, दोन्ही बाजूंना केळीच्या भिंती आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. यावल-रावेरच्या या पट्ट्यात पाणी खूप खोल गेले आहे, तरी बागा हिरव्यागार दिसतात. त्या कशा राखल्या जातात हे कूपनलिकेचे हप्ते भरणाऱ्यालाच ठाऊक. फैजपूर इथलेच. फैजपूरचे नाव इतिहासात आहे ते १९३६ सालच्या काँग्रेस अधिवेशनामुळे. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि गांधीजीही आले होते. माणसांचा महापूर लोटला होता असे इथले म्हातारे आपल्या वडिलांच्या तोंडचे सांगत. परंतु त्याच्या तीसेक वर्षे आधी याच फैजपूरच्या शाळेत कृष्णाजी केशव दामले नावाचे एक मितभाषी शिक्षक नोकरीला होते. तेच केशवसुत. मराठी कवितेला ज्यांनी नवे वळण लावले ते हे. १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले तेव्हा वय अवघे एकोणचाळीस. त्यांच्या हयातीत त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले नाही. फैजपुरात त्यांनी कोणाला कविता वाचून दाखवली असेल का, आणि दाखवली असेल तर ऐकायला किती जण असतील, असा विचार मी तिथून जाताना दर वेळी करतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सर्व सांगत आलो त्या गोष्टीकडे वळतो.

यावल तालुक्यातल्या एका गावात ‘ड’ वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे. आपल्या राज्यात वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. ‘ड’ म्हणजे सर्वांत धाकटा. ग्रामपंचायतीला लागून एक खोली, दोन लोखंडी कपाटे, सतरंजी, वर्तमानपत्रे आणि तुटपुंज्या मानधनावर काम करणारी एक उत्साही ग्रंथपाल ताई. या ताईंनी महिन्यातून एक संध्याकाळ कवितेची ठेवली आहे. दरवेळी एक कवी येतो आणि आपल्या कविता वाचतो. मानधन नाही. पेट्रोल ज्याचे त्याचे. पूर्वी निरोपाला केळीची एक फणी देत असत. पण येणारा कवी बहुधा स्वतःच केळीवाला निघे, म्हणून आता हिवाळ्यात बामणोदची वांगी देतात. ही सुधारणा मला पसंत आहे.

तारीख पंचांग पाहून ठरत नाही, शेतीपंपाच्या विजेचे वेळापत्रक पाहून ठरते. ज्या आठवड्यात थ्री फेज दिवसा असते त्या आठवड्यात माणसे दिवसभर शेतात राबून संध्याकाळी आडवी होतात. रात्रपाळीच्या आठवड्यात वीज रात्री दहाला येते. तोवर माणूस जागाच असतो आणि करायला दुसरे काही नसते. म्हणून कवितेचा कार्यक्रम रात्रपाळीच्या आठवड्यात, साडेसात ते साडेनऊ. शहरातल्या साहित्य मंडळांना हे गणित सुचणार नाही.

गेल्या जानेवारीत ताईंचा मला निरोप आला. केळीवरच्या करप्यासंबंधी माहिती द्यायला या, म्हणाल्या. गेलो तर खोली भरलेली. मी मोजले, सव्वीस माणसे होती. रोगट पाने कशी कापावीत, कापलेली पाने बागेबाहेर का नेऊन टाकावीत, फवारणी पानाच्या खालच्या बाजूला का पोहोचली पाहिजे, असे सगळे बोलून झाले. प्रश्नोत्तरे झाली. मग ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता आपल्याकडे कवी आले आहेत." पाहता पाहता पंधरा जण उठले. कोणाला दूध घालायचे होते, कोणाचा जावई यायचा होता. मला बोलावण्यातली युक्ती तेव्हा ध्यानात आली. सव्वीस आणले तर अकरा तरी राहतात, असा ताईंचा हिशेब होता. मीही राहिलो; पण मला त्या अकरांत धरलेले नाही.

त्या अकरांची यादी देतो, कारण ती माझ्या डायरीत आहे. दोन निवृत्त शिक्षक. ताईंची सासू, वय ऐंशीच्या पुढे. नववीतली एक मुलगी आणि तिचा लहान भाऊ. तीन शेतकरी, त्यांतला एक पेपर वाचायला आलेला, तो शेवटपर्यंत पेपरच वाचत होता, पण कान इकडे होता. किराणा दुकानदार. सरपंचबाईंचे यजमान. आणि दाराजवळ, थंडीमुळे आत आलेला, कानटोपी घातलेला एक सालदार.

कवी म्हणजे रावेरकडचे एक केळी बागायतदार. पन्नाशीचे. सर्वजण त्यांना भाऊ म्हणत होते. खुर्ची दिली होती, पण ते सतरंजीवरच बसले. अकरा माणसांसमोर खुर्चीवर बसणे त्यांना अवघड वाटले असावे. मला मात्र त्यांची थोडी काळजी वाटत होती. तीस किलोमीटर गार वाऱ्यातून मोटारसायकलवर आलेला माणूस, डोळ्यांसमोर पंधरा जण उठून जाताना पाहतो. आमच्या खात्यातल्या एखाद्या वक्त्याने तेवढ्यात अंग काढून घेतले असते. भाऊंनी वही उघडली आणि थेट सुरुवात केली.

तिसरी की चौथी कविता पुण्याला नोकरीवर असलेल्या मुलाविषयी होती. मुलगा फोन करतो, बाप बाग कशी आहे ते सांगतो. घरी कधी येतोस हे विचारायचे राहून जाते, अशी साधीच गोष्ट. त्यात त्यांनी म्हटले होते की पौषाच्या पहाटे जसे केळीचे कमळ अलगद बाहेर येते तसे एक दिवस माझ्या तोंडून तुझे नाव येईल. कविता संपली. शिक्षकांनी माना हलवल्या. दुकानदार वा वा म्हणाला. तेवढ्यात दाराजवळून सालदाराचा आवाज आला.

"भाऊ, राग नका मानू. पण पोषात कमय इतकं सोपं नाई येत बाहेर. थंडीनं घड पोटातच अडकतो."

खोलीत कोणी बोलेना. एका शिक्षकाला ते आवडले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. पण सालदाराचे म्हणणे अगदी बरोबर होते. बाग निसवायच्या वेळेला कडाक्याची थंडी पडली तर घड नीट बाहेर पडत नाही, खोडाच्या गळ्याशी दाटतो, कधी खोडाची कूस फोडून वाकडातिकडा निघतो. आम्ही हे शेतीशाळेत शिकवतो. ऐकताना माझ्या मात्र ध्यानात आले नव्हते. मी कविता ऐकत होतो. तो केळ ऐकत होता.

भाऊ वहीकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातले पेन काढले, ओळीखाली रेघ मारली आणि म्हणाले, "माझ्याच बागेत दरसाल अडकतात. मी खोटं लिहिलं." इतकेच बोलून त्यांनी पुढची कविता घेतली.

पाचशे माणसांच्या मंडपात हे घडले नसते असे मला वाटते. तिथे सालदार मागे उभा असतो, ध्वनिवर्धक मोठा असतो, टाळ्या पडतात आणि चुकीची ओळ तशीच पुस्तकात जाते. मोठ्या सभांविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी एकत्र गावोगाव फिरून कविता वाचल्या आणि कविता ऐकायलाही माणसे गर्दी करतात हे महाराष्ट्राला दाखवले. त्यांचे उपकार आहेत. परंतु आमच्या धंद्यातला अनुभव असा की कृषी प्रदर्शनात हजारो माणसे आमच्या मांडवासमोरून पिशव्या घेऊन जातात, आणि बांधावर बसलेल्या सात जणांतला एक जण असा प्रश्न विचारतो की मला तालुक्याला परत जाऊन पुस्तक उघडावे लागते.

कार्यक्रम संपत आला तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. ताईंच्या सासूबाईंनी भाऊंना विचारले, "तुम्ही केयीवर म्हनता, तशी एक ओवी माह्या मायची हाये. म्हनू का?" या भागातल्या लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, केळीची केयी होते. भाऊंनी वही मिटली. आजींनी म्हटले. एक नव्हे, आठ-दहा ओव्या. केळीच्या मळ्यावरून जाणारी माहेरची वाट, आखाजीला न्यायला येणारा भाऊ, त्याची वाट पाहणारी बहीण. सूर लागत नव्हता, दम पुरत नव्हता. मध्येच थांबून त्या म्हणाल्या, जात्याशिवाय ध्यानात येत नाही.

वाचकहो, पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारावर गावांत हिंडून अशा एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या हळूहळू सर्वांना वाचता-ऐकता येतील अशा प्रसिद्ध होत आहेत. लाख हा आकडा मोठा दिसतो. पण गावागावांत घरोघर जाती होती हे आठवले की तो लहान वाटू लागतो. पिठाची गिरणी आली हे घरातल्या बायांच्या दृष्टीने फारच चांगले झाले, त्याविषयी दुमत नाही. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला ओवीचे कौतुक कोणी सांगू नये. मात्र गिरणीबरोबर ओव्या ऐकणारे एकमेव माणूस, म्हणजे समोर बसून खुंटा धरणारी दुसरी बाई, ती उठून गेली.

नववीतल्या मुलीने मोबाईल काढला होता, पण त्यात जागाच उरली नव्हती. मग तिने वहीचे मागचे पान घेतले. लिहिता लिहिता तिने मान वर केली आणि शिक्षकांना विचारले, "सर, केळी लिहू की केयी?" निवृत्त शिक्षक क्षणभर घोटाळले. आयुष्यभर त्यांनी मुलांच्या वहीतली ‘केयी’ लाल शाईने खोडली असणार. ते म्हणाले, "आजी म्हणतात तसं लिही." ते पान आता वाचनालयाच्या कपाटात आहे. ताईंनी त्यासाठी वेगळी वही केली आहे. मी मार्चमध्ये पाहिली तेव्हा तीत तेवीस ओव्या झाल्या होत्या. आजी पडल्या दिवशी दोन सांगतात, बऱ्या दिवशी पाच. एखादी अर्धवट राहिली तर मुलगी तिथे रिकामी जागा सोडते.

पावणेदहाला खिशातले फोन एकेक करून वाजू लागले. दहाला वीज यायची होती. सालदार सर्वांत आधी गेला.

भाऊ मार्चमध्ये पुन्हा आले, कोणी न बोलावता. माणसे नऊ होती. त्यांनी मुलावरची कविता बदलून आणली होती. आता तिच्यात थंडीने घड अडकला होता आणि बापाच्या गळ्यात मुलाला विचारायचा प्रश्न अडकला होता. कमळ शेवटपर्यंत बाहेर येतच नाही. आधीच्यापेक्षा ती कितीतरी चांगली झाली होती, आणि हे मी कवितेतला जाणकार म्हणून सांगत नाही, पुण्यात मुलगा असलेला बाप म्हणून सांगतो. भाऊंची नजर मात्र दाराकडे होती. सालदार त्या दिवशी आला नव्हता. मालकाकडे पाहुणे होते.

पुढे आखाजी झाली. खान्देशात आखाजीला सालदाराचे साल संपते. त्याने मालक बदलला, गावही बदलले. मे महिन्यात भाऊंचा मला फोन आला तो केळीच्या रोपांसंबंधी, पण बोलता बोलता त्यांनी सांगितले की चौकशी करून ते त्याच्या नव्या मालकाच्या शेतावर जाऊन आले. निंबाखाली बसून त्याला ती कविता वाचून दाखवली.

मी विचारले, "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, आता बरोबर हाये. आणि ठिबकचा वॉल बदलायला गेला."